अझुमोस् : एका नकाराचा अर्थ

मराठी बायबलात 'बेखमीर भाकरी' हा शब्दप्रयोग वारंवार येतो. जुन्या करारात निर्गमाच्या कथेत तो आहे, विधिनिषेधांच्या अध्यायांत आहे, आणि नव्या करारात येशूच्या अखेरच्या भोजनाच्या आरंभी सणाचे नाव म्हणूनही तोच आहे. ज्वारीबाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या मराठी वाचकाला या ठिकाणी एक साधी शंका यावयास हवी. ती क्वचितच कोणी उघडपणे बोलून दाखवितो. भाकरी खमीर घालून कोण करतो? आमच्या देशावर पीठ कालवावे, मळावे, थापावे आणि तव्यावर टाकावे, एवढ्यात भाकरी होते. मग 'बेखमीर' या विशेषणाने भाकरीच्या कोणत्या गुणाची व्यावृत्ती साधते? 'शिंगे नसलेला घोडा' असे कोणी म्हणाले तर ऐकणाऱ्याने जे करावे तेच येथे मराठी वाचक करतो. तो विशेषण ओलांडून पुढे जातो.

मूळ ग्रीक शब्द 'अझुमोस्' हा आहे. त्याचे नपुंसकलिंगी अनेकवचन 'अझुमा' हे सणाचे नाव म्हणून रूढ झाले. या एका शब्दावरून आणि त्याच्या शेजारी नांदणाऱ्या 'आर्तोस' या दुसऱ्या शब्दावरून ख्रिस्ती जगाच्या पूर्व आणि पश्चिम भागांत पाचसहाशे वर्षे वाद चालला. त्या वादात धर्मशास्त्राचा अंश किती हे ठरविणे आमचे काम नव्हे. पण त्यातील एक मोठा भाग शुद्ध शब्दार्थविचाराचा होता. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे शब्दाचा अर्थ, ही जी समजूत आमच्याही वर्गांतून अद्याप सुखेनैव नांदते आहे, तिच्यावर तो वाद उभा होता. म्हणून या शब्दाचा थोडा सविस्तर विचार करावयाचे आम्ही योजिले आहे.

शब्दाची घडण सरळ आहे. 'झुमे' म्हणजे पीठ आंबविण्यासाठी घालावयाचे आंबवण. त्याच्या आधी निषेधवाचक 'अ'. हा ग्रीक 'अ' आणि संस्कृतातील 'अ' किंवा 'अन्' ही एकाच मूळ भाषेची लेकरे होत. 'झुमे'चा संबंध व्युत्पत्तिकार संस्कृत 'यूष' आणि लॅटिन 'यूस' या शब्दांशी जोडतात. ग्रीकातील आरंभीचा 'झ' आणि संस्कृतातील 'य' यांची जोडी संस्कृतज्ञांना 'झुगोन' आणि 'युग' या शब्दांवरून परिचित आहेच. यूष म्हणजे आयुर्वेदातील मुगाचे कढण. म्हणजे कालवलेले, शिजवलेले, पातळ असे काही. त्यापासून ग्रीकांनी आंबट पिठाचा गोळा कसा काढला हे कल्पनेने ताडता येते, परंतु त्यात फार रमण्याचे कारण नाही. मराठी 'बेखमीर' हा शब्दही अगदी त्याच साच्यातला आहे: फारसी 'बे' आणि अरबी 'खमीर'. अवयवाला अवयव जुळवून पाहिला तर याहून नेमका प्रतिशब्द मिळणे कठीण, आणि तरीही तो मराठीत मुका वाटतो.

'अझुमोस्' हा शब्द मुळात धर्मग्रंथांतला नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. हिपोक्रेटीसच्या नावावर मोडणाऱ्या वैद्यकीय ग्रंथसंग्रहात आहारविषयक एक ग्रंथ आहे. त्याच्या दुसऱ्या भागात भाकरीच्या प्रकारांचे गुणदोष दिले आहेत. आंबवलेली भाकरी पचनास हलकी आणि सारक, न आंबवलेली कमी सारक पण अधिक पोषक, असा तेथील अभिप्राय आहे. आमच्या निघंटुकारांनीही असेच लिहिले असते! येथे 'अझुमोस्' शब्दात ना पावित्र्य आहे ना स्मृती. तो केवळ वैद्याचा शब्द आहे. प्लेटोच्या 'तिमायॉस' या संवादात तर तो भाकरीला लागूच नाही. शरीररचनेचे वर्णन करताना ईश्वराने आंबट व खारट द्रव्यांचे आंबवण घालून मांस सिद्ध केले आणि हाड व न आंबवलेले मांस यांच्या मिश्रणातून स्नायू घडविले, असे प्लेटो सांगतो. त्या मांसाचे विशेषण 'अझुमोस्' असे आहे. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या सुमारास अथेनायॉस याने आपल्या भोजनविषयक प्रचंड ग्रंथात अलेक्झांड्रियाच्या त्रुफोनने केलेली भाकऱ्यांची यादी दिली आहे. तीत आंबवलेली, न आंबवलेली, रव्याची, कोंड्यासकट पिठाची अशा भाकऱ्या एका ओळीत बसल्या आहेत. भटारखान्याच्या फळीवर जशा असाव्या तशाच त्या आहेत, आणि 'अझुमोस्' तेथे इतरांसारखीच एक आहे.

आमच्या शास्त्रकारांची परिभाषा येथे उपयोगी पडते. शब्द यौगिक असतो, रूढ असतो किंवा योगरूढ असतो. 'पाचक' म्हणजे पाक करणारा. अवयवांचा अर्थ जोडला की शब्दार्थ हाती येतो. तो यौगिक. 'मंडप' या शब्दात 'मंड पिणारा' शोधू लागलो तर हसे होईल, तो रूढ. 'पंकज' म्हणजे चिखलात जन्मलेले, पण प्रत्येक बेडूक पंकज नव्हे; अवयवार्थ कायम राहून रूढीने एका वस्तूवर स्थिर झालेला तो योगरूढ. वैद्यांच्या आणि प्लेटोच्या हाती 'अझुमोस्' निव्वळ यौगिक होता. तो योगरूढ कसा झाला याची कथा अलेक्झांड्रियात घडली.

त्या कथेकडे जाण्यापूर्वी ग्रीकांच्या ताटाकडे एकदा पाहिले पाहिजे. सामान्य ग्रीकाचे रोजचे अन्न 'मादझा' हे होते. भाजलेल्या सातूचे पीठ पाण्यात, दुधात किंवा तेलात मळून केलेला गोळा म्हणजे मादझा. पुष्कळदा तो भाजलाही जात नसे. आमच्या घरांतून सातूचे पीठ कालवून खातात त्यांना ही वस्तू परकी वाटू नये. 'आर्तोस' ही त्या मानाने वरच्या पंक्तीची वस्तू, बहुधा गव्हाची आणि भट्टीत भाजलेली. अथेन्सच्या नगरभवनात जेवणाऱ्यांना एरवी मादझा वाढावा आणि सणाच्या दिवशी तेवढा आर्तोस द्यावा, असा सोलोनचा नियम अथेनायॉसने नोंदविला आहे. 'मादझा' आणि हिब्रू 'मात्सा' यांच्या उच्चारसाम्यावरून काही उत्साही मंडळींनी दोहोंचे नाते लावले होते. ग्रीक शब्द 'मळणे' या अर्थाच्या ग्रीक धातूपासून सरळ निघतो. साम्य कानापुरतेच आहे. असल्या साम्यांवर संपूर्ण पुस्तके लिहिणारे विद्वान आपल्याकडेही होऊन गेले, तेव्हा ग्रीकांना हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

'आर्तोस' हा शब्द फार जुना आहे. 1952 साली मायकेल व्हेंट्रिसने ज्या मातीच्या पाट्यांवरील लिपीचा उलगडा केला, त्यांत भाकरी भाजणाऱ्यांना 'आर्तोपोक्वोस' अशा धर्तीचा शब्द आढळतो. या सामासिक शब्दाचा उत्तरार्ध आमच्या 'पच्' धातूचा सख्खा भाऊ आहे. पुढे वर्णांची अदलाबदल होऊन अभिजात ग्रीकात तो 'आर्तोकोपॉस' झाला, आणि मग लोकांना त्यात 'कापणे' हा अर्थ दिसू लागला. पूर्वार्ध असलेल्या 'आर्तोस'ची व्युत्पत्ती मात्र अद्याप निश्चित नाही. कोणी 'जुळविणे' या अर्थाचा धातू सुचविला, कोणी पीठवाचक इराणी शब्दाकडे बोट दाखविले. म्हणजे ज्या शब्दाच्या व्युत्पत्तीवर पुढे पंथाची भिंत उभी करण्यात आली, त्या शब्दाचे कुळ आजच्या भाषाशास्त्रालाही सांगता येत नाही.

आर्तोसमध्ये आंबवण गृहीत होते काय? व्यवहारात पुष्कळदा असे, शब्दात नव्हते. झेनोफोन हा सैनिक लेखक इसवी सनापूर्वी 400 च्या सुमारास थ्रेस देशातल्या सेउथेस राजाच्या मेजवानीस बसला होता. मांसाच्या तुकड्यांना टोचून ठेवलेल्या मोठमोठ्या भाकऱ्यांचे वर्णन करताना तो त्यांना 'झुमिताय' म्हणजे आंबवलेल्या असे विशेषण मुद्दाम लावतो. आर्तोस म्हणजेच आंबवलेली असे असते तर या विशेषणाची गरज पडली नसती. हा दाखला आम्हांला विशेष मोलाचा वाटतो, कारण झेनोफोनला कोणतेही मत सिद्ध करावयाचे नव्हते. त्याला भूक लागली होती.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील यहुद्यांनी मोशेच्या ग्रंथांचे ग्रीक भाषांतर केले. उरलेल्या ग्रंथांची भाषांतरे पुढील काळात झाली. हिब्रूत भाकरीला सामान्य शब्द 'लेहेम', आंबवलेल्यास 'हामेत्स' आणि न आंबवलेलीस 'मात्सा' असा स्वतंत्र शब्द आहे. 'मात्सा' हा नकारी शब्द नव्हे; त्यात 'अ' नाही, 'बे' नाही. ग्रीकात असा स्वयंपूर्ण शब्द नसल्यामुळे भाषांतरकारांनी वैद्यांचा आणि भटाऱ्यांचा 'अझुमोस्' उचलला. येथेच पहिला अर्थभेद झाला. यहुदी ज्या वस्तूला तिच्या नावाने ओळखीत होते, तिला ग्रीक वाचक तिच्यात काय नाही त्यावरून ओळखू लागला.

या भाषांतरात 'अझुमोस्' कोठे कोठे येतो हे पाहणे उद्बोधक आहे. उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायात लोटाच्या घरी संध्याकाळी दोन अनोळखी पाहुणे येतात आणि तो त्यांना न आंबवलेल्या भाकऱ्या भाजून वाढतो. मिसर देशातून सुटका व्हावयाची आहे; सणाचा अद्याप पत्ता नाही. पाहुणे अवचित आले, पीठ आंबण्याची वाट पाहण्यास वेळ नव्हता, एवढाच तेथील अर्थ. एन्दोरच्या स्त्रीने उपाशी आणि खचलेल्या शौल राजापुढे ठेवल्या त्याही अशाच, घाईने भाजलेल्या. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात सबंध एक लोकसमूह त्याच घाईत सापडतो: मिसरी लोकांनी त्यांना हाकलून लावले, पीठ आंबले नव्हते, तशाच भाकऱ्या भाजल्या. त्या भाकऱ्यांना भाषांतरकारांनी 'एन्क्रुफियास' असा शब्द वापरला आहे. 'एन्क्रुफियास' म्हणजे 'आत दडविलेली', विस्तवाच्या राखेत पुरून भाजलेली. विदर्भातले रोडगे आणि माळव्यातली बाटी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना या शब्दाचा वास येईल. इंदूरच्या वाचकास तर तो समजावून सांगणेच नको. लोटाची घाई, एन्दोरची घाई आणि मग एका राष्ट्राची घाई या क्रमाने वाचले म्हणजे रोजच्या व्यवहारातली एक अडचण इतिहासाची खूण कशी बनली हे दिसते. शब्द योगरूढ झाला तो येथे. यापुढे 'अझुमा' म्हटले की न आंबवलेल्या कोणत्याही भाकऱ्या नव्हेत. त्या रात्रीच्या स्मरणार्थ सात दिवस खावयाच्या त्या भाकऱ्या.

अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात याच अझुमांना समानाधिकरणाने एक दुसरे नाव दिले आहे: 'आर्तोस काकोसेओस', म्हणजे दुःखाची, छळाची भाकरी. सात दिवस अझुमा खा, म्हणजेच दुःखाची आर्तोस खा, असा तेथील विधी आहे. हे स्थळ वाचकांनी ध्यानात ठेवावे. न आंबवलेल्या वस्तूला 'आर्तोस' हे नाव खुद्द धर्मग्रंथाने येथे दिले आहे.

आता नकाराकडे वळू. नञ्-चे सहा अर्थ आमच्या वैयाकरणांनी सांगितले आहेत: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. 'अझुमोस्'मधला 'अ' अभावाचा, हे कोणीही सांगेल. पण कोणता अभाव? यहुदी स्मृतिकारांनी या प्रश्नाला जे उत्तर दिले ते आम्हांला अतिशय मार्मिक वाटते. मिश्ना या ग्रंथात पाच धान्ये नेमून दिली आहेत. त्यांचीच मात्सा होते. तांदूळ आणि बाजरीसारख्या धान्यांची चर्चा करताना तालमुदातील पंडित म्हणतात की, यांचे पीठ भिजत ठेवले तर ते आंबत नाही, नासते. म्हणून त्यांची मात्साही होत नाही. जे आंबू शकते तेच न आंबता राहू शकते! आणि म्हणून पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत पीठ भट्टीत गेले पाहिजे असा कडक नियम पुढे प्रस्थापित झाला. नैयायिकांच्या भाषेत सांगावयाचे तर मात्सेतला अभाव वायूतील रूपासारखा अत्यंताभाव नव्हे. तो प्रागभावाच्या जवळचा आहे: होऊ घातलेली वस्तू होण्याच्या आत थांबविली आहे. दगडाला कोणी 'बेखमीर' म्हणत नाही.

आरंभीच्या शंकेचे उत्तर येथे मिळते. ज्वारीच्या भाकरीतला खमिराचा अभाव हा थांबविलेला अभाव नाही. तिच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नाही, फुगवून धरण्याची शक्ती नाही, आणि तिच्याकडून कोणी तशी अपेक्षाही केली नाही. 'बेखमीर' या शब्दातील 'बे' तिला लागतो, पण चिकटत नाही.

अखेरच्या भोजनाच्या वृत्तांताने या शब्दाला खरे संकट आणले. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते ते भोजन वल्हांडणाचे होते, अझुमांच्या पहिल्या दिवशीचे. म्हणजे ताटात मात्साच असणार. तरीही येशूने हातात घेतली त्या वस्तूला तिघेही 'आर्तोस' म्हणतात. योहानाचा कालक्रम वेगळा आहे. त्याच्या मते ते भोजन सणाच्या आधीचे, आणि येशूला पिलाताकडे नेले तेव्हा यहुद्यांचे वल्हांडणाचे जेवण अद्याप व्हावयाचे होते. ग्रीक ख्रिस्ती मंडळी उपासनेत आंबवलेली भाकरी वापरीत आली होती. पश्चिमेत नवव्या शतकाच्या सुमारापासून न आंबवलेल्या भाकरीची चाल पसरली. आर्मेनियन लोक न आंबवलेली वापरीत, आणि त्यावरून ग्रीकांचे त्यांच्याशी आधीच बिनसले होते.

1053 साली ओख्रिदचा आर्चबिशप लेओ याने त्रानीच्या बिशप योहानास उद्देशून एक पत्र लिहिले. त्याचा रोख खरा रोमकडे होता. त्यात जो व्युत्पत्तीचा आधार घेतला आहे तो आमच्या विषयाचा गाभा होय. 'आर्तोस' हा शब्द 'आइरो' म्हणजे 'उचलणे, वर करणे' या धातूपासून आला. जी खमिराने वर उचलली गेली, फुगली, तीच आर्तोस. अझुमा फुगत नाही, म्हणून ती आर्तोस नव्हे. आणि शुभवर्तमानांत तर आर्तोस म्हटले आहे. सारांश, लॅटिन लोक उपासनेत भाकरीच वापरीत नाहीत! खमीर हा पिठातला जीव, त्यावाचून ती वस्तू निर्जीव, असे रूपकही या युक्तिवादास जोडलेले होते. रोमच्या बाजूने कार्डिनल हुंबेर्ट उत्तरास उभा राहिला. 16 जुलै 1054 रोजी त्याने कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाच्या वेदीवर बहिष्कारपत्र ठेवले. फाटाफुटीची कारणे पुष्कळ होती. अधिकाराचा प्रश्न त्यांत सर्वांत मोठा. पण लोकांच्या तोंडी जी शिवी राहिली ती भाकरीवरून पडली: ग्रीक लॅटिनांना 'अझुमिते' म्हणू लागले, लॅटिन ग्रीकांना 'प्रोझुमिते' आणि 'फेर्मेंतारी' म्हणू लागले. 6 जुलै 1439 रोजी फ्लॉरेन्सच्या परिषदेने गव्हाची भाकरी आंबवलेली असो वा न आंबवलेली, दोन्ही ग्राह्य असा निर्णय दिला. तरी परिषदेहून परतलेल्या ऐक्यवादी ग्रीकांना त्यांच्याच नगरीत 'अझुमिते' हे नाव चिकटले.

लेओच्या युक्तिवादाची मौज अशी की तो ऐकताक्षणी पटण्यासारखा आहे. शब्द आणि वस्तू यांचे इतके सुंदर जुळते की संशय घेणारा अरसिक ठरतो. आमच्या यास्कानेही कित्येक ठिकाणी असेच केले आहे. परंतु यास्क एका शब्दाला दोनतीन व्युत्पत्त्या देऊन मोकळा होतो, एकीच्या जोरावर शेजाऱ्याला बहिष्कृत करीत नाही. लेओने रूढ शब्द यौगिक मानला, हा त्याचा दोष. आणि तो दोष केवळ तर्काने नव्हे, उपयोगानेच सिद्ध होतो. अनुवादातील दुःखाची आर्तोस वर आलीच आहे. निर्गमाच्या एकोणतिसाव्या अध्यायात याजकांच्या दीक्षेसाठी 'आर्तोस अझुमोस्' अशी सरळ जोडी येते. मंदिरात परमेश्वरापुढे मांडावयाच्या बारा भाकऱ्यांना शुभवर्तमाने 'आर्तोय' म्हणतात, आणि त्या न आंबवलेल्या असत असे योसेफस स्पष्ट लिहितो. लूकाच्या शेवटच्या अध्यायात अम्माऊस गावी येशू भाकरी मोडतो. तो दिवस अझुमांच्या सप्ताहातलाच, घर यहुदी माणसाचे. आंबवलेले तेथे असणे शक्य नाही, आणि शब्द 'आर्तोस'च आहे.

एवढ्यावरून लॅटिन पक्ष जिंकला असे मात्र आम्ही म्हणणार नाही, आणि अनेक आधुनिक लेखकांची घाई येथेच आम्हांला खटकते. 'आर्तोस' शब्दाने न आंबवलेली भाकरी वगळली जात नाही, एवढेच सिद्ध झाले. त्या रात्री ताटात कोणती होती हे आर्तोस सांगत नाही. ते ठरवावयाचे तर पहिल्या तिघांचा कालक्रम खरा की योहानाचा, हे आधी ठरविले पाहिजे, आणि तो इतिहासाचा प्रश्न आहे. ज्या साक्षीदाराने घटना पाहिली नाही त्याला दोन्ही पक्षांनी पिंजऱ्यात उभे केले.

पौलाच्या हाती 'अझुमोस्' माणसांना लागला. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो आपल्या वाचकांनाच 'अझुमोय' म्हणतो: जुने खमीर काढून टाका, तुम्ही न आंबलेलेच आहात. येथे खमीर म्हणजे मुरलेली दुष्टता. पण मत्तयाच्या तेराव्या अध्यायात एक स्त्री तीन मापे पिठात खमीर दडविते आणि तेच खमीर देवाच्या राज्याचे प्रतीक होते. एकाच वस्तूची ही दोन तोंडे मराठीला परकी नाहीत. आपण दुधाला विरजण लावतो ते दह्यासाठी, आणि उत्साहावर विरजण पडते तेव्हा हळहळतो. मन आंबते, श्रमाने अंग आंबून जाते. इडलीचे पीठ मात्र आंबले नाही तर गृहिणीस चिंता पडते. या ठिकाणी मराठी भाषांतराला आपल्या भाषेची मदत घेता आली असती. 'खमीर' या शब्दाला 'आंबणे' या क्रियापदाचे गणगोत लाभलेले नाही. तो एकटा येतो आणि एकटा जातो.

मग 'बेखमीर भाकरी' बदलावी काय? पर्याय तपासून पाहू. 'न आंबवलेली पोळी' म्हटल्यास गहू आला आणि मात्सेची खरी वस्तू जवळ आली. पण पोळी म्हटले की कोणाला घडीची आठवेल, कोणाला पुरणाची. आणि पोळीही कोणी आंबवीत नाही. 'बिनखमिरी पाव' म्हणावे तर पाव नावाच्या वस्तूचा प्राणच खमीर. कोकणात मात्र एक नेमकी जोडी आहे: तांदळाचे पीठ आंबवून घातलेली आंबोळी आणि न आंबवता घातलेले घावन. ग्रीकात आंबवलेलीस विशेषण, न आंबवलेलीसही विशेषण. कोकणात दोहोंना स्वतंत्र नावे, जशी हिब्रूत. पण घावन तांदळाचे, आणि ते धर्मग्रंथात घालण्याचे धाडस कोणी करणार नाही. आम्हीही ते सुचवीत नाही. जो शब्द पिढ्यान्पिढ्या उपासनेत उच्चारला गेला तो आता मराठीत आपल्या परीने योगरूढ झाला आहे. त्याला हात लावण्याऐवजी शिक्षकाने त्याखाली दडलेली घाई विद्यार्थ्यांना दाखवावी, हे बरे.

शिवाय हा शब्द सर्व मराठी प्रदेशांत सारखाच मुका नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. गोव्यात पोर्तुगिजांबरोबर पाव आला. पोदेर पहाटे भोंगा वाजवीत दारी येतो. त्याचे पीठ पूर्वी माडाच्या सुरेने आंबविले जाई. तेथील ख्रिस्ती घरात रोजची भाकरी आंबवलेली आणि लॅटिन प्रथेच्या देवळात वेदीवरची न आंबवलेली. घर आणि वेदी यांच्यातला तो फरक डोळ्यांना दिसतो, जिभेला कळतो. 'बेखमीर' म्हटल्यावर तेथला ऐकणारा थबकतो. म्हणजे हाच मराठी शब्द घाटाखाली जिवंत आहे आणि घाटावर निर्जीव. केरळात गेले तर ऑर्थोडॉक्स सुरियानी देवळांत आंबवलेली भाकरी, आणि अकराव्या शतकातल्या वादाची एक बाजू तेथे आजही दर रविवारी भट्टीत भाजली जाते.

आणि मराठी बोलणारे एक यहुदीही आहेत. कुलाबा जिल्ह्यातल्या, आता रायगड म्हणतात त्या किनाऱ्यावरच्या खेड्यांतून तेलाचे घाणे चालविणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. हिब्रू ग्रंथांशी त्यांचा संबंध दीर्घकाळ तुटलेला होता. तो पुन्हा जोडला गेल्यावर, 1846 साली, वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची 'हग्गादा' मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर निघाली. 1874 साली पुण्यात निघालेल्या हग्गादेच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका मात्सा करताना दाखविल्या आहेत. परंतु त्याआधीच्या काळात या सणाला त्यांच्यात जे नाव होते ते हाईम शमुवेल केहिमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात नोंदविले आहे. तो ग्रंथ 1897 साली लिहून झाला आणि 1937 साली तेल अवीव येथे छापला गेला. त्या नावात भाकरी नाही, खमीर नाही, मिसर देशही नाही. ते नाव 'अनाशी ढाकाचा सण' असे आहे. अनास म्हणजे तोंडीलावण्यासाठी घरात ठेवलेला आंबट रस; त्याचे भांडे त्या दिवसांत झाकून ठेवावयाचे.

भाकरी त्यांची आधीच बेखमीर होती. तिच्यातून काढून टाकावे असे काही नव्हते. म्हणून, आमच्या मते, निषेध भाकरीवरून उठला आणि घरात जे खरोखर आंबत होते त्यावर जाऊन बसला. ग्रंथ हाती नसताना, ग्रीक किंवा हिब्रू शब्द ठाऊक नसताना, त्या बायकांनी कोनाड्यातल्या मडक्यावर झाकण ठेवले.